धुराड्यावरचा खराटा

ग्विलिम प्रोसरला खुर्चीचं वावडं होतं. तो पोलादाच्या कारखान्याचा व्यवस्थापक झाला तेव्हा पिट्सबर्गहून त्याच्यासाठी कातडी बैठकीची मोठी खुर्ची आली. तिच्यावर त्याची टोपी बसायची आणि साहेब भट्ट्यांभोवती भिरभिरत असायचा. जेवायचासुद्धा उभ्यानेच.

"बसलास तर कारखाना नदीत वाहून जाईल का रे?" बायको मार्गेड विचारायची.

"जाईलही," असं म्हणून तो पाव तोंडात कोंबायचा आणि चालू पडायचा.

वेल्समधून आईबापांबरोबर तो मोनोंगाहेला नदीच्या काठी आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. कोळसा ओढणं, वितळलेलं लोखंड ओतायला वाळूत चर पाडणं, भट्टीचं तोंड फोडून लोखंड वाहतं करणं, सगळं तो अंग भाजून घेत शिकला. वर चढला तो मात्र खराट्यामुळे. आमच्या खोऱ्यात रीतच होती. ज्या भट्टीतून महिन्यात सगळ्यांपेक्षा जास्त लोखंड निघेल तिच्या धुराड्याच्या टोकाला खराटा बांधायचा. बाकीच्यांना झाडून काढलं म्हणून. आता एका खराट्यासाठी धडधाकट माणसांनी हाडं वितळेपर्यंत राबावं हा शुद्ध खुळेपणा, पण खुळ्यांचं खोरं होतं ते. खराट्याखालचा गडी दारूच्या गुत्त्यात शिरला की बाकीचे निमूट वाट द्यायचे. प्रोसरने मुकादम असताना ही ईर्ष्या अशी चेतवली की माणसं रविवारी प्रार्थनेला बसूनही शेजारच्या भट्टीची खबर काढायची. मालकांना आणखी काय हवं होतं? त्यांनी त्याला उचलून वर बसवलं. म्हणजे, बसवायचा प्रयत्न केला.

त्या वर्षीच्या पानगळीत खराटा दोन नंबरच्या भट्टीवर होता. तिचा मुकादम इफोर, मार्गेडचा धाकटा भाऊ. एका सकाळी प्रोसरला भट्टीच्या लोखंडी अंगावर, कमरेइतक्या उंचीवर, लालसर डाग दिसला. पोरांनी त्यावर पाण्याचा फवारा सोडला होता. प्रोसरने लगेच ओळखलं. आतलं विटांचं अस्तर झिजलं होतं. ते फुटलं तर उकळतं लोखंड थेट समोरच्या माणसांवर येणार. भट्टी विझवून नवं अस्तर लावायचं तर हिवाळा निघून जाणार, आणि खराटाही जाणार.

नेमका त्याच दिवशी पिट्सबर्गहून अध्यक्ष लॅथ्रप येऊन गेला. "शनिवारी संचालकांची सभा आहे, प्रोसर. कंपनीचे तिन्ही कारखाने तुमच्या हाती द्यायचं जवळपास ठरलंय. तुमचा तो झाडू तेवढा जागेवर राहू द्या. आमच्या लोकांना त्याचं फार कौतुक."

तिन्ही कारखाने! प्रोसर दिवसभर त्या डागाभोवती घिरट्या घालत राहिला. जरा लांब जायचा, पुन्हा परत यायचा.

"डाग वाढलाय, इफोर."

"डाग कसला, साहेब? लाजतेय ती. तुम्ही एवढं टक लावून बघताय ना."

गडी खदाखदा हसले. प्रोसरही हसला, पण त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"खरं सांग. शनिवारपर्यंत ओढेल?"

"शनिवारचं काय घेऊन बसलात? नाताळपर्यंत ओढतो तिला. आमच्या डोक्यावरचा खराटा उतरवायचं मात्र मनातही आणू नका."

घरी तो चुलीपासून दारापर्यंत आणि दारापासून चुलीपर्यंत येरझाऱ्या घालू लागला. मार्गेडने बटाटे सोलता सोलता सुरी खाली ठेवली.

"दोन नंबरला काय झालंय?"

त्याने सांगून टाकलं.

"तू मुकादम असतास तर काय केलं असतंस?"

"ओढली असती," तो तडक म्हणाला.

"असतीस रे, माहितेय मला. पण तिच्यासमोर आता तू उभा नाहीस. इफोर आहे."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हौसेची लाज वाटली. तो टोपीही न घेता बाहेर पडला आणि त्याने भट्टी विझवायचा हुकूम दिला.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. इफोर स्वतः धुराड्यावर चढला, खराटा सोडून खाली आला, तो भिंतीला टेकवला आणि प्रोसरकडे न बघता निघून गेला. शनिवारी तिन्ही कारखाने नदीच्या खालच्या अंगाच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाला मिळाले. लॅथ्रप एवढंच म्हणाला, "माणसं मेली असती म्हणता. पण मेली तर नव्हती ना?" प्रोसर आहे तिथेच राहिला. गुत्त्यात त्याचा विषय निघाला की लोक थुंकायचे, आणि ज्यांचा जीव वाचला होता ते सगळ्यांत लांब थुंकायचे.

भट्टी निवायला बरेच दिवस लागले. ती निवल्यावर प्रोसरने इफोरला बोलावून घेतलं. त्याला दाखवायचंच होतं. दोघं वाकून आत शिरले. डागाच्या जागी हातभर जाडीच्या विटेची बोटभर खपली उरली होती. इफोरने ती जवळून निरखली. त्याचा चेहरा उतरला, आणि प्रोसरला कित्येक दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. आता तरी हा काहीतरी बोलेल.

इफोरने खपलीवर अंगठा दाबून पाहिला.

"शनिवारपर्यंत टिकली असती," तो म्हणाला.

प्रोसर त्याच्यावर खेकसणार होता. पण त्याचाही अंगठा मघापासून शेजारच्या विटेवर दाबलेला होता, आणि तोही तेच ताडून बघत होता.