फकिरा कंपाउंडरच्या बदलीची अर्जी

आमच्या गावानं एका भल्या माणसाला प्रेमानं कोंडून ठेवलं, आणि त्या कामी पहिली सही माझी होती. गावात किराणा दुकान चालवणाऱ्याची सही पहिली, असा आमच्याकडचा मान. तो मान मी मिरवला, हे आता सांगतानाही लाज वाटते.

आमचं गाव तामसीकडचं, बोलणं मराठी पण राज्य आंध्राचं. गुरांचा दवाखाना म्हणजे एक खोली. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, आले तर. बाकी सगळं फकिरा कंपाउंडर बघायचा. औषध सरकारनं बैलम्हशींसाठी दिलेलं, पण त्यानं कुणाचं कुत्रं-मांजर कधी परत पाठवलं नाही. आदिलाबादच्या खासगी डॉक्टरची फी गरिबाच्या आवाक्याबाहेरची, आणि बसचा कंडक्टर कुत्र्याला पायरीवर चढू देत नसे. भागाबाई एकटी राहायची, तिला काय तो काळ्या कुत्र्याचाच आधार. त्याच्या कानात किडे पडले, तेव्हा फकिरा तीन दिवस चिमटा आणि टर्पेंटाइनचा बोळा घेऊन त्याच्याजवळ बसला. पैशाचं नाव नाही.

हा फकिरा मूळचा वांकिडीचा. बायको मथुराबाई तिकडं, सासूचं करत. दोन गाड्या बदलून तो महिन्यातून एकदा घरी जायचा. दोनदा त्याची तिकडं बदली झाली, दोन्ही वेळा गावानं अर्जी देऊन थांबवली. गंमत पाहा, ती अर्जीही त्यानंच लिहिली. आदिलाबादच्या सरकारी कचेरीत तेलुगू चाले, आणि गावात ती लिहिता येणारा तो एकटाच. रेशनकार्डापासून विहिरीपर्यंत सगळे कागद त्याच्याच हातचे. मग हा कागद दुसरं कोण लिहिणार? आम्हांला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एकोणनव्वद साली तिसऱ्यांदा हुकूम आला. आम्ही सगळे दवाखान्यात जमलो.

"या खेपेला जाऊ द्या मले," फकिरा म्हणाला. "माय खाटेवर पडून हाय."

"इकडंच आना न् तिले," भागाबाई म्हणाली. "तुमी गेल्यावर माह्या काळ्याले कोन पाहीन?"

"तिले उठता येत नाई, आजी."

"आमी काय परके हावो? साऱ्या बाया मिळून करू तिचं."

हे ऐकून आम्ही माना डोलावल्या. आमच्या मनाचा मोठेपणा आम्हांलाच फार आवडला. फकिरानं कागद पुढं ओढला आणि लिहिलं. मी सही केली, मग दवाखान्याच्या शिक्क्याच्या शाईत बुडवून सदतीस अंगठे उठले. भागाबाईनं तो कागद वाचून दाखवायला लावला. त्यानं मराठीतून वाचला, अगदी आम्हांला हवा तसा.

कागद घेऊन आम्ही दोघं आदिलाबादला गेलो. कचेरीत बदल्या बघणाऱ्या साहेबांनी कागदाची घडी उघडली. वरच्या ओळींवर नजरही टाकली नाही, थेट खालचे अंगठे पाहिले आणि हसले.

"फिर वही? सारा गाँव अंगूठे लगाके भेजता है. ठीक है, नहीं जाएगा तुम्हारा कंपाउंडर."

आणि बदली रद्द असा शेरा मारून टाकला. मी हात जोडले, फकिराच्या पाठीवर थाप मारली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग टेबलावरच्या कागदाकडं. तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, आनंदानं गहिवरला.

पोळ्याच्या आधी त्याची आई गेली. तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत येऊन तो पुन्हा त्याच खोलीत बसला. आणखी आठ वर्षं बसला.

सत्त्याण्णव साली रिटायर झाला, त्या दिवशी माझ्या दुकानात चहा पिताना त्यानं सांगितलं. त्या तिसऱ्या अर्जीत लिहिलं होतं, गावाची काही हरकत नाही, याला मायजवळ पाठवा.

मी विचारलं, "मग साहेबाले वाचा म्हनून काऊन नाई सांगितलं?"

त्यानं कप खाली ठेवला.

"तुमी बाजूले उभे होते न्, वामनराव."