ग्राफीनाचा एक तास

ग्राफीनाचं वय एकाहत्तर. दर्यावर्दी घराण्यात जन्मून तिला बोट लागते, आणि याबद्दल गावाचं तिला पुरेसं छळून झालंय. पण उन्हाळ्यात दक्षिणेकडून मासेमारीला येणाऱ्या पाहुण्यांची अख्खी सफर ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आखते, तेही गेली तीस वर्षं.

जानेवारीत फोन सुरू होतात. कोणाला उलट्या होतात, कोणाच्या बुटाचा नंबर काय, कोणाला सॅमनचं वेड आणि कोणाला तळाशी लोळणारा दाराएवढा हॅलिबट हवा, हे सगळं तिला तोंडपाठ असतं. मग ती पेन्सिलीने कागद करते. पहाटे शेवाळाच्या वेलींच्या कडेने सॅमन. भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थांबतं तेवढ्या अर्ध्या तासात हॅलिबट, कारण पाणी पळत असलं तर गळाचं शिसं तळाला टेकतच नाही. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरात, खिंड ओलांडायची वेळ.

खिंड म्हणजे दोन बेटांमधली चिंचोळी फट. पाणी थांबलेलं असताना तिथून लहान पोरसुद्धा होडी वल्हवत नेईल. उधाणाच्या दिवसांत त्यानंतर तासाभराने गेलात, तर तेच पाणी घोंगावत बोटीला गरगर फिरवून खडकावर घालतं.

बोट चालवतो एलायस, तिच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. उत्तरेच्या या किनाऱ्यावरच्या आम्हा त्लिंगिट लोकांत मावशी म्हणजे आईच. याला तर तिनेच वाढवला. मावशीचा कागद केबिनमध्ये टाचल्याशिवाय तो दोर सोडत नाही.

जुलैतल्या त्या गुरुवारी, ऐन उधाणात, एलायस चार पाहुण्यांना घेऊन मोसमातल्या पहिल्याच, दोन दिवसांच्या सफरीवरून परतीच्या वाटेवर होता. जाताना ते बाहेरच्या समुद्राने गेले होते. आता बाहेर वारा वाढला होता आणि पाहुण्यांचं विमान सहाला होतं, म्हणून परतीला खिंडच. कागदावर लिहिलं होतं: पाणी थांबणार ३.४०. आदल्या संध्याकाळी उघड्या समुद्रावरून वायरलेसवर तो म्हणाला होता, "मासे भरपूर. सगळं ठीक, मावशी."

"आणि हॅलिबट?"

तो जरा थांबला होता. "मिळाले की."

तीन वाजून पाच मिनिटांनी ग्राफीना खिडकीशी चहा घेत होती. समोर तरंगत्या धक्क्यावर उतरणारी फळ्यांची वाट. ओहोटीला ती शिडीसारखी उभी होते, भरतीला आडवी. पोस्टातली बाई ढकलगाडीवर खोकी लादून वर येत होती, आणि चक्क शिट्टी वाजवत होती.

ग्राफीनाने कप खाली ठेवला. गावात ओहोटी खिंडीच्या अर्धा तास आधी संपते, तरी तिच्या हिशोबाने पाणी अजून उतरत असायला हवं होतं. अशा वेळी त्या वाटेने खोकी घेऊन चढणारं माणूस शिव्या देतं, शिट्ट्या वाजवत नाही. तिने खांबांकडे पाहिलं. कालवं चिकटलेला पट्टा निम्मा पाण्याखाली गेला होता. पाणी केव्हाचं चढायला लागलं होतं.

तिने भरती-ओहोटीचं पुस्तक ओढलं. जुनं पुस्तक छापणारा म्हातारा हिवाळ्यात वारला, म्हणून यंदा डिझेलच्या दुकानातून फुकटचं नवं आणलं होतं. म्हाताऱ्याच्या पुस्तकात वेळा बारा महिने हिवाळी घड्याळाच्या असायच्या. उन्हाळ्यात आपण घड्याळं पुढे करतो, म्हणून प्रत्येक आकड्यात एक तास मिळवायचा. तीस वर्षं तिचा हात आपोआप तो तास मिळवत आला होता. नव्या पुस्तकाच्या मागच्या पानावर तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं: उन्हाळी तास धरलेला आहे.

म्हणजे खिंडीतलं पाणी २.४० लाच थांबून गेलं. आणि एलायस ३.४० ला खिंडीत शिरणार.

तिने वायरलेस उचलला. "एलायस, एलायस, घरातून बोलतेय." नुसती खरखर. "एलायस!" खिंडीच्या दोन्ही बाजूंना डोंगर, बेटाचं टोक वळून येईपर्यंत त्याला घरचा आवाज पोचत नाही, हे तिला ठाऊक होतं. टोकाबाहेर या वेळी एकच बोट असायची, हाल्वरची. त्याला दोन्हीकडचं ऐकू जायचं.

हाल्वर! अकरा वर्षांपूर्वी त्याने भर दुपारी बोट वाळूच्या दांड्यावर चढवली होती, आणि ग्राफीनाने वायरलेसवरून विचारलं होतं, "काय हाल्वर, बटाटे लावतोयस का?" तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती त्याला बटाट्यांचा भाव विचारते. चॅनल सगळ्यांचा एकच. प्रत्येक बोट, प्रत्येक स्वयंपाकघर, दुकानातला गल्ला, सगळे कान लावून असतात. ती आता जे बोलेल, ते संध्याकाळपर्यंत पाहुण्यांनाही कळेल, आणि पुढच्या जानेवारीत फोन वाजणार नाही.

घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती. तिने बटण दाबलं.

"हाल्वर, ग्राफीना बोलतेय. मी चुकले. खिंडीची वेळ एक तास उशिराची लिहून दिलीय पोराला. त्याला सांग, आत शिरू नकोस. पाया पडते तुझ्या, सांग त्याला."

हाल्वरने टोमणा मारला नाही. "थांब," एवढंच म्हणाला. त्यानेच ती जास्त घाबरली.

चॅनलवर चिटपाखरू बोलेना. सगळं गाव श्वास रोखून बसलंय, हे तिला कळत होतं. हाल्वर हाका मारत राहिला, आणि उत्तराच्या जागी खरखर. तीन वीस. तीन पंचवीस. तिने बहिणीचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवला, तिच्याने बघवेना.

तीन एकोणतीसला हाल्वर बोलला. "ग्राफी, ऐक. खिंड मागे टाकलीय त्याने. पावणेतीनलाच आला तो या बाजूला. मासे साफ करत होता, हात भरले होते म्हणे."

ती ओट्याला धरून उभी राहिली आणि मोठ्याने रडली. बटणावरचं बोट काढायचं राहून गेलं, त्यामुळे तेही गावाने ऐकलं.

"आता तरी बटाट्यांचं नाव काढू नकोस," हाल्वर म्हणाला.

"काढणार," ती नाक पुसत म्हणाली.

एलायस आला तेव्हा ती धक्क्यावर उभी होती. त्याने नेहमीसारखी पिशवी पुढे केली. हॅलिबटचे गाल, म्हणजे सगळ्यात चवदार तुकडे, मावशीचे, हे ठरलेलं. तिने पिशवीला हात लावला नाही.

"तुला कधी कळलं?"

"काल. हॅलिबटच्या जागी. कागदाप्रमाणे पोचलो तर शिसं तळाला टेकेना, पाणी पळत होतं. मग सगळ्याच वेळा एक तास मागे घेतल्या."

"आणि रात्री बोलला नाहीस?"

"सगळं गाव ऐकतं, मावशी." तो बुटांकडे बघत राहिला. "तुला हसले असते."

"हसू देत की! मेल्या, आज मी स्वतःच्या तोंडाने सगळ्यांना सांगितलं. लाजेने मरते का मी? आहे ना उभी? मेले होते ती त्या पंचवीस मिनिटांत, तू अब्रू राखलीस म्हणून."

तिने त्याच्या हातातली पिशवी घेतली, खिशातून नवं पुस्तक काढलं आणि त्याच्या छातीवर दाबलं.

"सोमवारची मंडळी सहा जण आहेत. रात्री जेवायला ये. तू आकडे मोठ्याने वाचायचे आणि मी लिहायचे. आणि चुकले, तर तिथल्या तिथे ओरडायचं."