दर्याला भिणाऱ्या खाला

खाला कुठल्याही उंबऱ्यावरून पाऊल खाली टाकायच्या आधी पायाच्या अंगठ्यानं जमीन चाचपून बघत. उंबरा स्वतःच्या घराचा असो की आमच्या शाळेचा. अंगठा टेकला, जमीन जागच्या जागी आहे याची खात्री पटली, की मग दुसरा पाय. कुणी हसलं तर म्हणत, "हसा. भ्यालेलं बरं असतंय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून दिवसातून दहादा ऐकलं असेल. चुलीवर दूध ठेवलं की, आभाळ भरून आलं की, पाहुणा आला की, आणि येणारा पाहुणा नाही आला तरी. आळंद तालुक्यात निंबर्ग्यापासून चार कोसांवरच्या एका गावात मी तेव्हा मास्तर होतो. राज्य निजामाचं, शाळा उर्दू, मास्तर मराठी आणि निम्मी मुलं घरी कानडी बोलणारी. खालांचं, म्हणजे अख्ख्या गावाच्या मावशीचं, घर शाळेला लागून होतं. त्या जवळच्याच खेड्यातल्या मुसलमान शेतकऱ्याच्या लेक. लुगडं नेसत आणि भांडायची वेळ आली तर मराठीतच भांडत. त्यांचे यजमान गढीच्या दरवाज्यावर पहाऱ्याला होते. अरब पहारेकऱ्यांना आमच्याकडं चाऊस म्हणतात. यजमानांना अख्खं गाव चाऊसच म्हणे, आणि खालाही तसंच म्हणत.

अशी भित्री माणसं तुमच्याही शेजारी राहून गेली असतील. त्यांची थट्टा करणं सोपं असतं, कारण ती उलटून बोलत नाहीत. मीही पुष्कळ केली. एका श्रावणात आठ दिवस झड लागली होती. खाला शाळेच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, ही भित्त श्वास घ्यायलीय." मी म्हणालो, "मग तिला हकिमाकडं न्या." त्या दारात आडव्या बसल्या आणि पोरांना आत जाऊ देईनात. वैतागून मी शाळा मारुतीच्या देवळाच्या ओवरीत भरवली. तीन दिवस गाव हसलं. चौथ्या दिवशी दुपारी भिंत आतल्या बाजूला बसली, नेमकी जिथं लहान पोरांचं तरट अंथरलेलं असे तिथं. मी धावत आलो तेव्हा खाला आमच्यापेक्षा जास्त थरथरत होत्या. "बघा, मी सांगितलं होतं" हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही. ते त्यांना सुचलंच नसावं.

आणि ही बाई दर्या ओलांडून आली होती. एकदा जाताना आणि एकदा येताना. मी त्या गावात जायच्या आधी काही वर्षं दोघं नवराबायको गुलबर्ग्याहून आगगाडीनं मुंबईला गेले, तिथं शिडाच्या गलबतात बसले आणि अरबस्तानात मकल्ल्याच्या बंदराला उतरले. चाऊसाचे वडील तिकडचे. म्हातारपणी ते मायदेशी परतले होते, त्यांना बघायला हे गेले. पोहोचेपर्यंत म्हाताऱ्यानं डोळे मिटले होते. वारा फिरायची वाट बघत काही महिने काढले आणि तसल्याच दुसऱ्या गलबतानं परत आले.

या प्रवासाच्या गोष्टी चाऊस शाळेच्या कट्ट्यावर बसून सांगे. कमरेला जंबिया, मेंदी लावलेली दाढी, आवाज गढीच्या बुरुजावरून आल्यासारखा. शेळीचं दूध काढतानासुद्धा तो जंबिया सोडत नसे. त्याच्या गोष्टीत दर वेळी वादळ व्हायचं, दोर तुटायचा, नाखवा रडायला लागायचा, "फिर मैं रस्सी पकड्या, मास्टर!" लाटा दर उन्हाळ्यात हातभर उंच होत. खाला तेव्हा चुलीपाशी असत. हो म्हणत नसत, नाहीही म्हणत नसत.

खालांकडं दर्याची एकच गोष्ट होती आणि ती त्या फक्त बायकांना सांगत. मला ती माझ्या बायकोकडून कळली. गलबताच्या मागच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला, पाण्यावर लोंबणारी एक लाकडी पेटी बांधलेली असते. तिच्या तळाला भोक. सकाळी तिथं जायचं. "बावीस दिवस, अक्का," खाला सांगत, "खाली काळं पाणी, वर आभाळ, आन् मधी मी लुगडं धरून बसलेली. अल्लाला म्हणले, मारायचं तर मार बाबा, पर हितं नको." बायका हसून लोटपोट होत. खाला हसत नसत. येताना मुंबईच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्यांनी शपथ घेतली, की पुन्हा म्हणून नावेत पाय ठेवणार नाही. सख्खी बहीण भीमेपलीकडं दिलेली. तिच्या लेकीचं लग्न निघालं, पण हरगोलात बसावं लागेल, म्हणून मावशी लग्नाला गेल्या नाहीत. हरगोल म्हणजे आमच्याकडची टोपलीसारखी गोल नाव. बहिणीनं पुढं वर्षभर अबोला धरला.

चाऊसाचं एक गुपित मला ठाऊक होतं. चाऊस, खाला आणि मी एकदा आळंदहून बैलगाडीनं येत होतो. वाटेत कडगंचीला पाण्यासाठी थांबलो, तर एक पार वाकलेली म्हातारी काठी टेकत आली आणि तिनं चाऊसाच्या दाढीला धरून तोंड वर केलं. "वळखलास का रे? तुझी नाळ मी कापलीय." ती गावची सुईण होती. जंबियावाला चाऊस शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून उभा राहिला. तो जन्मला कडगंचीत, आई कडगंचीची, वाढला तिथंच. दर्या त्यानं पाहिला तो बायकोबरोबर पाहिला तेवढाच. पण गढीवाल्यांना पहाऱ्याला खरा दर्यापारचा चाऊस हवा असे. इथल्या जन्माच्या माणसाला पगार कमी आणि मान त्याहून कमी. म्हणून त्यानं वतन, म्हणजे मूळ गाव, मकल्ला सांगितलं होतं आणि सांगता सांगता त्याची तीच जन्मभूमी होऊन बसली होती. गाडीत खाला तोंडाला पदर लावून हसत होत्या. चाऊस म्हणाला, "मास्टर, ये बात गाडी में रहने दो." मी राहू दिली.

मग ते वर्ष आलं, ज्यात सगळं गावच खाला झालं. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. कुणाचं घर जाळलं, कुणाला उचललं, खरं किती आणि आवई किती हे कळायला मार्ग नव्हता. लोक रातोरात सोलापूरकडं निघून जात. मी बायकोला माहेरी पोहोचवलं आणि नोकरी जाईल या भीतीनं स्वतः परत आलो. भीतीतही माणसाला किती प्रकार असतात बघा. एका दुपारी टोळी आमच्या आळीत आली. मी बंदी असलेलं वर्तमानपत्र वाचतो, हे कुणीतरी सांगितलं होतं. खालांनी मला ओढत नेऊन आपल्या घरात कणगीमागं बसवलं आणि शेजारी स्वतः बसल्या. त्यांचे दात वाजत होते, माझेही. बाहेर आळीच्या तोंडाशी चाऊस एकटा उभा राहिला आणि म्हणाला, "ये गल्ली मेरी है." एवढंच. टोळी पुढं गेली. हा उपकार मी कसा फेडला ते आता सांगतो.

भाद्रपदात हिंदुस्थानची फौज आली, चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं आणि भिण्याची पाळी बदलली. कालपर्यंत मी दार लावून बसत होतो, आता चाऊसाचं दार लागलं. गढीचा पहारा उठला. काही दिवसांनी नवे अंमलदार आले आणि गावोगावच्या चाऊसांची यादी करायला बसले. यादी कशासाठी हे कुणालाच माहीत नव्हतं. आवई अशी होती, की खरे दर्यापारचे चाऊस नव्या फौजेत घेणार. उर्दू आणि मराठी दोन्ही येणारा म्हणून चावडीत कागद माझ्यापुढं ठेवला गेला.

चाऊस ताठ उभा राहिला. मी नाव लिहिलं, वय लिहिलं आणि विचारलं, "वतन?"

"मकल्ला."

मी वर बघितलं. त्यानंही माझ्याकडं बघितलं. "लिखो मास्टर," तो म्हणाला. मी लिहिलं. अक्षर माझं चांगलं होतं.

पंधरा दिवसांनी कळलं, की यादीतल्या लोकांना त्यांच्या मुलखात परत धाडणार. गुलबर्ग्याहून मुंबई, मुंबईहून जहाज.

त्या दुपारी खाला माझ्याकडं आल्या. "मास्तर, दर्याचं नाव काढलं की मला भ्या वाटायलंय," त्या म्हणाल्या. "ते हितलेच हाईत. तुमाला ठावं हाय. अर्जी लिवा." मी अर्ज लिहिला. खाली साक्षीदार म्हणून सही करायची जागा मात्र मोकळी ठेवली. खालांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद डोळ्यांना लावला आणि नेला.

चौकशीला गाव जमलं. यादीतले आणखी दोन-तीन चाऊस आसपासच्या खेड्यांतून आणलेले, तेही एका बाजूला उभे. अंमलदार दमलेला, सभ्य माणूस होता. त्यानं चाऊसाला विचारलं, "तुमची बीबी म्हणते तुम्ही कडगंचीला जन्मलात. खरं काय?"

चाऊसानं आधी त्या दुसऱ्या चाऊसांकडं पाहिलं, मग गावाकडं, आणि शेवटी खालांकडं. तीस वर्षांचा तो ताठा एका शब्दात उतरवायचा होता. त्याला नाही जमलं. तो हसला. "साब, औरत डरपोक है. दर्या कू डरती, इस वास्ते झूट बोल रई. पूछो गाव कू."

गाव हसलं. मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय साहेब, खाला वढ्याला बी भेत्यात." अंमलदारालाही हसू आलं. खाला म्हणाल्या, "भेते की. भेते म्हणून काय खोटं बोलायले का?" पण ते त्या इतक्या हळू म्हणाल्या, की माझ्याखेरीज कुणाला ऐकू गेलं नसावं.

अंमलदारानं माझ्याकडं मान वळवली. "मास्तर, तुम्ही शेजारी. तुम्हाला काही माहीत आहे?"

कडगंचीची सुईण तेव्हा जिवंत नव्हती. त्या नवराबायकोखेरीज ती गोष्ट प्रत्यक्ष पाहिलेला तिथं मी एकटा होतो. पण दिवस असे होते, की चाऊसाची बाजू घेतली तर लोक काय म्हणतील, नव्या सरकारात माझं नाव कुठल्या यादीत जाईल, हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं. "ऐकीव आहे, साहेब," मी म्हणालो.

खाला रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. भ्यालेला माणूस त्यांना लगेच ओळखू येई.

मोटार आली त्या दिवशी गाव पुन्हा जमलं. खालांचं नाव यादीत नव्हतं. बायकांवर सक्ती नव्हती. हवं तर बरोबर जा, नको तर राहा. त्यांचा भाऊ बैलगाडी घेऊन त्यांना न्यायला आला होता. बहीण हरगोलातून भीमा ओलांडून आली होती, ती गळ्यात पडून रडत होती. आणि खाला बोचकं काखेत घेऊन मोटारीकडं निघालेल्या. मी पुढं झालो. धीर मला नेहमी उशिरा येतो. म्हणालो, "खाला, तुम्ही थांबा. मी गुलबर्ग्याला जातो, खरं सांगतो, त्यांना परत आणतो."

"आता न्हाई व्हायचं, मास्तर. गावापुढं बोललेत ते. आता मागं फिरायचे न्हाईत."

"मग तुम्ही कामून जायलाव? एवढं भेता तर?"

त्यांनी बोचकं खाली ठेवलं आणि मला बाजूला घेतलं. "ते तुमाला सांगायलते न्हवं, रस्सी पकडली म्हणून? बावीस दिवस माझ्या मांडीवर डोस्कं घालून पडलेले. डोळे उघडले न्हाईत. अम्मा अम्मा करून कडगंचीच्या आईला हाका मारायलते. येताना बी तसंच." त्यांनी मोटारीकडं बघितलं. "मी भ्याले तर मला म्हणता येतंय, मास्तर, की मी भ्याले. त्यायला ते बी येत न्हाई. एकल्याला कसं सोडू?"

त्या मोटारीत चढल्या. चाऊस आधीच बसला होता, दाढी विंचरलेली, मान ताठ. जंबिया तेवढा काढून घेतला होता. त्यानं गावाला सलाम केला. मोटार सुरू होताच खालांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. माझ्या शेजारचा एकजण हसून म्हणाला, "बघा, खाला हितनंच नवऱ्याला धरून बसल्या." लोक हसले. कोण कुणाला धरून होतं, हे तिथं फक्त मला माहीत होतं, आणि त्या वेळीही मी गप्प राहिलो.