रापणीच्या दिवशी मोजलेली शाळा

आमच्या गावची पोरं पैशाच्या मोहानं मुंबईला गेली, असं कोणी म्हटलं की माझं डोकं अजून तापतं. ती गेली कारण गावात सातवीच उरली नाही. आणि ती का उरली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी सहावीत. रापण लागली, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढायचं असलं, की गुरुजी हजेरी घेऊन आम्हाला सोडत. दोर ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळे, पोरांनाही. नेमक्या तशा दिवशी पट तपासायला साहेब आले. जीप दिसताच मी दोर सोडून शाळेकडे धावले. वर्गात तीनच डोकी होती.

"सायबानू, पोरां दर्यार आसत. थंय येवन मोजा."

"मुली, मी शाळा तपासायला आलोय, मासे नाही."

"मगे माशे मोजू नकात, पोरां मोजा! हंयच तर आसत."

साहेबांनी वहीत तीनचा आकडा लिहिला आणि पेनाला टोपण लावलं. गुरुजी खाली मान घालून उभे. त्यांचा तो गप्पपणा मी आजही माफ केलेला नाही. पट कमी म्हणून जूनमध्ये वरचे वर्ग बंद झाले, गुरुजींची बदली झाली.

माझ्या वर्गातली बहुतेक मुलं दिवाळीच्या आत बाहेर पडली. कोणी मुंबईला हॉटेलात, कोणी गोव्याला ट्रॉलरवर. मला तर बाबांनी जूनमध्येच पाठवायचं ठरवलं.

"फाल्या सकाळच्या एस.टी.न मावशेकडे मुंबैक जा. तिची पोरां सांभाळ, थंय शाळाय गावतली."

"दुसऱ्याची पोरां सांभाळून कोणाक शाळा गावली, ता माका दाखव."

सातवी खाडीपलीकडच्या गावात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी थेट तरीवर गेले आणि पैसे नसतानाच पलीकडे जाणाऱ्या होडीत चढले. होडीवाला म्हणाला, "वर्षभर फुकट नेव काय तुका?"

"फुकट नको. होडयेतला पाणी मी उपसतंय."

"माझी होडी गळणा नाय गो."

"मगे ह्या पायाखाली काय, शहाळ्याचा पाणी?"

होडीतल्या बायका खो खो हसल्या. तो चिडला, पण करवंटी माझ्याकडे फेकून म्हणाला, "उपस तर, वकिलीणबाये!"

बाबा पिशवी घेऊन काठावर पोचले तेव्हा आम्ही मध्यावर होतो.

"एस.टी. चुकतली गो!"

"चुकांदे!" मी ओरडले आणि पाणी उपसत राहिले.