विचारल्याशिवाय न बोलणारे पंच

आमचे भाऊजी चष्मेवाले. दुकान छोटं, आरसा मोठा. गिऱ्हाईक फ्रेम चढवून आरशात बघतं, भाऊजी गप्प. "कशी दिसते?" असं विचारलं की सांगतात, "नाक मोठं दिसतं." गिऱ्हाईक निघून गेलं तरी यांना काही नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

घरीही तेच. ताई एकदा उलटा स्वेटर घालून अख्खा बाजार फिरून आली. हे पिशव्या घेऊन मागे. "अहो, सांगायचं नाही का?" ताईनं विचारलं, तर म्हणे, "तू विचारलं नाहीस." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! ताई मात्र हसली. ती हसते म्हणून यांचं फावतं, हे मी तिला कितीदा सांगितलंय.

असा माणूस बॅकगॅमनच्या, म्हणजे फासे टाकून सोंगट्या पळवायच्या खेळाच्या, क्लबाला पंच म्हणून मिळाला. तिथे नियमच आहे, कुणी विचारल्याशिवाय पंचानं तोंड उघडायचं नाही. भाऊजींना घरच्यासारखं वाटलं.

ताई हा खेळ शिकली ती संध्याकाळी नवऱ्याशी चार शब्द व्हावेत म्हणून. पटावर बसलं की भाऊजी निदान "डबल" तरी म्हणायचे. शिकता शिकता ती बरी खेळायला लागली आणि यंदा चक्क फायनलला पोचली. तिला आयुष्यात कशातच बक्षीस मिळालेलं नाही, शाळेतल्या धावण्यातसुद्धा. कपासाठी तिनं कपाटावरची जागा आधीच पुसून ठेवली होती.

समोर दातांचे डॉक्टर. जिंकायला ताईला एक गुण हवा, त्यांना दोन. ताईनं सोंगट्या मांडल्या, पण लक्ष सगळं कपाकडे. पाच सोंगट्या घराजवळ आणि पाच लांब मांडायच्या असतात, त्यांतली जवळची एक लांबच्या पाचांवर गेली. इथे चार, तिथे सहा. म्हणजे एक सोंगटी सुरुवातीलाच सात घरं मागे. मला ओ की ठो कळलं नाही, मी टाळ्या वाजवत होते. भाऊजींना दिसलं.

दोघांची एकेक खेळी झाली आणि ताईच्या लक्षात आलं. "पंच!"

भाऊजी आले, बघितलं. "दोघांची पहिली खेळी होईपर्यंत चूक सुधारता येते. आता मांडणी आहे तशीच राहील."

"तुम्हाला कधी दिसलं?"

"मांडलीस तेव्हाच."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. 

थोड्या वेळानं डॉक्टरांनी डबीत फासे खुळखुळवले, थांबले, आणि डबलचा ठोकळा ताईपुढे सरकवला. म्हणजे हा डाव आता दोन गुणांचा. नको असेल तर एक गुण देऊन डाव सोडायचा.

"फासे हलवल्यावर डबल? पंच!"

भाऊजींनी विचार केला. "डबल फासे टाकायच्या आधी द्यायचं. खुळखुळवणं म्हणजे टाकणं नव्हे. डबल धरलं जाईल."

ताईनं डाव सोडला असता तर दोघांनाही एकेकच गुण हवा राहिला असता, पुढचा डाव खेळता आला असता. पण ती पटाकडे बघतच नव्हती. नवऱ्याकडे बघत होती. "घेतलं," म्हणाली.

सगळ्या सोंगट्या आधी पटाबाहेर काढेल तो जिंकतो; डॉक्टरांची शेवटची बाहेर पडली तेव्हा ताईची एकच उरली होती. तीच ती, मागे पडलेली. सोंगट्या सगळ्या सारख्या दिसतात, पण मी म्हणते तीच. कप डॉक्टरांना.

"ताई, तू माझ्याकडे चल राहायला," मी रस्त्यात म्हटलं. भाऊजी मागून येत होते, ऐकू जाईल अशा बेतानंच म्हटलं. ताई आपल्या घरीच गेली, मीही तिच्याबरोबर गेले.

भाऊजी दारातच थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"मला फार वाईट वाटलं," ते म्हणाले. "तो कप तुला मिळायला हवा होता."

मी गार! लग्न झाल्यापासून हा माणूस आपणहून असलं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

"मी विचारलं होतं?" ताई म्हणाली.

"नाही."

 डोळे भरले होते तिचे, माझेही. मग तिनं टेबलापाशी खुर्ची ओढली.

"मांडा पट."

भाऊजींनी दोन्ही बाजू मांडल्या. ताईनं आपल्या सोंगट्या घराघरानं मोजल्या, आणि मगच बसली.