मॅग्नेटोची चावी

माझ्या बायकोला माझे सगळे अवगुण ठाऊक आहेत. हा एक सोडून. तिला नाही, भावाला नाही, गॅरेजात माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या माणसांनाही नाही – कुणालाच हे माहीत नाही. तुम्हालाच का सांगतोय? ते मलाही नीट कळलेलं नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. चाकूरला जो तो म्हणायचा, आता हापिसं येतील, जीपा येतील, गाड्या वाढतील. मी आणि मिलिंद एकाच गॅरेजात कामाला होतो. मी शेतकऱ्याच्या घरातला, तो बौद्धवाड्यातला. डबा एकत्र खायचो. दोघांचं ठरलं होतं – रस्त्याच्या कडेला स्वतःचं गॅरेज टाकायचं, पाटीवर दोघांची नावं. हात त्याचा माझ्यापेक्षा चांगला होता. हे मी तेव्हाही जाणून होतो, बोललो मात्र कधीच नाही.

भंगारात गेलेली एक टू-स्ट्रोक मोटारसायकल आम्ही उचलून आणली होती. त्या साली पाऊस नव्हताच. गावाबाहेरचं तळं तळापर्यंत आटलं, आणि त्या भेगाळलेल्या मातीवर पोरांनी मोटारसायकलींची शर्यत ठरवली. मिलिंदनं इंजिन पूर्ण खोललं. सिलिंडर लातूरहून बोअर करून आणला, नवा पिस्टन टाकला, एकेक वायसर रॉकेलमध्ये धुऊन बसवला. मला वाटायचं, गाडी आमची आहे.

मग एक दिवस त्याच्या आईनं मला हाक मारली. बाई साधी. म्हणाली, “बालाजी, मिल्या आता नांदेडलाच राहणार की. उस्ताद म्हणले, सोताच्या हातानं बांधलेली गाडी शर्यतीत पळवून दाव, मग कामावर ये. तुला सांगितलंच असंल त्यानं.”

नव्हतं सांगितलं. नांदेडच्या एका मोठ्या गॅरेजात एकाच माणसाची जागा होती, आणि तिथल्या उस्तादांना तो गुपचूप भेटून आला होता. मला म्हणाला होता, पावण्याकडं जाऊन येतो. मी त्याच्या आईपुढं हसलो. “व्हय, बोलला ना,” म्हणालो. त्याला जाब का विचारला नाही? विचारलं असतं तर त्यानं कदाचित खरं सांगितलं असतं – आणि मग रागवायला काय उरलं असतं?

शर्यतीच्या आदल्या दुपारी तो जेवायला घरी गेला. मी गॅरेजात एकटा.

इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोचं चाक क्रँकच्या दांड्यावर जागच्या जागी धरायला एक चावी असते. अर्ध्या चंद्रासारखी, नखाएवढी. ती नसली, चाक जरा फिरलेलं बसलं, तर ठिणगी पडते – पण चुकीच्या वेळी. मी पुलर लावून चाक ओढून काढलं. चावी काढली. चाक थोडं फिरवून बसवलं, नट आवळला, हात पुसले. मी केलं. रागाच्या भरात नाही – सावकाश, नीट, त्यानंच शिकवलं होतं तसं.

दुसऱ्या दिवशी तळ्यात सगळं गाव जमलं. उस्ताद कडेला उभे. मिलिंदनं किक मारली. गाडी नुसती फटफटली, किक उलटा झटका देऊन त्याच्या पायावर आदळली. पुन्हा. पुन्हा. प्लग काढून बघितला – ठिणगी चांगली. पेट्रोल येतंय. बोट लावून कॉम्प्रेशन बघितलं – तेही ठीक. घामानं निथळत त्यानं माझ्याकडं बघितलं.

“बाल्या, मॅग्नेटो खोलू का?”

“टाइम कशाला घालवतोस? ठिणगी यायलीय ना? कार्बोरेटर बघ.”

त्यानं कार्बोरेटर खोलला. माझ्या शब्दावर. जेट फुंकलं, पुन्हा बसवलं. तोवर बाकीच्या गाड्या धुरळा उडवत निघून गेल्या होत्या. गर्दीतून कुणीतरी त्याच्या जातीवरून बोललं, चारजण हसले. मला ऐकू आलं. मी खाली बघून पाना पुसत राहिलो. चावी तेव्हा माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

उस्ताद पाठ फिरवून निघून गेले.

संध्याकाळी मी ती चावी आमच्या विहिरीत टाकली. पाणी नव्हतंच. खाली दगडावर पडल्याचा बारीक आवाज आला.

पण सांगायचं आहे ते याच्याही पुढचं आहे. दुसऱ्या सकाळी मिलिंद माझ्या घरी आला. पाय सुजलेला. त्यानं मॅग्नेटो खोलला होता.

“खाच रिकामी हाय रे. मी चावी टाकली होती. मला आठवतंय. तू होतास की बाजूला – तू बघितलंस ना?”

बघितलं होतं. त्याच्या चिमटीतून ती खाचेत बसताना मी डोळ्यांनी बघितलं होतं.

“न्हाई,” मी म्हणालो. “तू टाकलीच न्हाईस, मिल्या. घाईत होतास तू.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता कळलं त्याला. पण तो आपल्या हातांकडं बघायला लागला. मग म्हणाला, “असंल बाबा.” त्यानं स्वतःवर नाही, माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानं मला फसवलं होतं, असं मी तोवर स्वतःला सांगत होतो. त्या सकाळनंतर तेही सांगता येईना.

त्यानं गॅरेज सोडलं. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला, नंतर देगलूरकडं. दोन महिन्यांनी मीच उस्तादांकडं गेलो, आणि नांदेडची ती जागा मला मिळाली. मी घेतली. त्यावरच माझं घर उभं राहिलं.

बऱ्याच वर्षांनी नांदेडच्या बसस्थानकावर तो दिसला. सोबत बायको. त्यानंच मला मिठी मारली. बायकोला म्हणाला, “ह्यो बालाजी. त्या गाडीसाठी यानं लई खटपट केली होती. मीच येडा, चावी टाकायची इसरलो. तवापासून पाना हातात घेतला न्हाई बघ. आपल्याच हाताचा भरोसा वाटंना.”

देगलूरची बस लागली होती. लोक चढत होते. त्याला सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

“होतं असं एखाद्याच्या हातून,” मी म्हणालो, आणि त्याची पिशवी उचलून बसमध्ये ठेवली.