रनिंगमधली गाडी

आमच्या शेजारी नागापूर एमआयडीसीतले एक फोरमन राहायचे. त्यांनी नवी कोरी कार घेतली आणि गल्लीत सगळ्यांना शिकवणी सुरू झाली.

"नवं इंजिन म्हंजी नवी सून," बोनेटवर तळहात ठेवून ते सांगायचे. "आल्या आल्या लोड टाकायचा न्हाई. आधी घराची सवय हुऊ द्यायची."

गाडी अजून 'रनिंग'मध्ये, म्हणजे नवं इंजिन रुळायच्या दिवसांत होती, म्हणून वेगाचा काटा चाळिसाच्या वर जात नसे. एकदा मला पारनेरला घेऊन निघाले, तर रिकाम्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत आम्हाला मागे टाकून गेला. त्यांनी त्याला शांतपणे हात केला. "जाऊ द्या. त्येचं इंजिन लौकर बसतंय बघा."

त्याच उन्हाळ्यात त्यांच्या मुलाचं लग्न झालं. पूजेच्या दिवशी पंगती उठल्या आणि मुलाच्या आत्याबाईंनी खरकट्या भांड्यांचा ढीग नव्या सुनेपुढे सरकवला. फोरमन तरातरा आले आणि त्यांनी सुनेच्या हातातलं पातेलं काढून घेतलं.

"एवढ्यात लोड न्हाई! पहिली सर्व्हिस हुऊ द्या."

सगळे हसले. मला तर हा माणूस एकदम मोठा वाटला. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोने मान वर केली.

"व्हय का? मला तर शोरूममधनं काढलं ते थेट घाटात घातलं हुतं."

फोरमन पातेलं घेऊन नळापाशी बसले आणि सावकाश, गोल गोल घासू लागले.

"जरा पळवा की," चुलीकडून आवाज आला. "तुमचं रनिंग कवाच संपलंय."